इंजिनाची पोथी

मिठावरचा कर उठला तेव्हा मी मीठ खात्यात चांगला मुरलेला माणूस होतो. देशाला आनंद झाला, मलाही झाला. पण संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने विचारलं, "मग आता तुमचं खातं काय करणार?" हा प्रश्न तिने विचारला त्याला बरीच वर्षं झाली. मला अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि दरम्यान मी त्याच खात्यातून हार, नारळ आणि तीन भाषणं घेऊन निवृत्त झालो आहे.

आमचं काम काय होतं ते आता लोकांना सांगावं लागतं. पेणकडच्या खाड्यांच्या काठाला मिठागरं. उन्हाळ्यात मीठ पिकलं की त्याच्या राशी घालायच्या. कर चुकवून कोणी त्यातलं पाटीभर मीठ पळवू नये म्हणून राशीच्या ओल्या अंगावर आम्ही जागोजाग लाकडी ठसे उमटवायचो. ठसा मोडलेला दिसला की चोरी झाली. शिवाय खाडीत आमची एक गस्तीची होडी फिरे. तिचं शीड दिसलं की प्रामाणिक माणसंसुद्धा उगाचच दुसरीकडे बघायला लागत. मग कर गेला आणि मीठ चोरण्यात कोणाला काही मिळेनासं झालं. तरीही पुढे कित्येक महिने आम्ही ठसे उमटवत होतो, कारण ठसे उमटवा हा हुकूम होता आणि उमटवू नका हा हुकूम यायचा होता.

शेवटी तो आला. माणसं इकडेतिकडे वाटली गेली. मला अलिबागला आमच्या खात्याच्या वखारीवर नेमलं. वखारीत बंद झालेल्या चौक्यांचं सामान होतं. कंदील, वल्ही, ते लाकडी ठसे, गस्तीच्या होडीचं गुंडाळून ठेवलेलं शीड. त्या सगळ्यावर देखरेख ठेवायची. मी ठेवली. कोणी काही न्यायला येत नव्हतं, त्यामुळे ती फार चोख झाली.

वखारीत मला एक इंग्रजी शब्दकोशही मिळाला. कोणी साहेब विलायतेला जाताना टाकून गेला होता. वाचनाचा नाद मला आधीपासून होता. आता वेळ होता. सुरुवात म्हणून मी आमच्या खात्याचे नियम मराठीत उतरवायला घेतले. ज्या नियमांखाली शिपायांना दंड होत असे ते शिपायांना वाचता येत नसत, ही गोष्ट इतकी वर्षं कोणाला खटकली नव्हती. मलाही नाही. एका म्हाताऱ्या हवालदाराला मी एक कलम वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "एवढंच व्हतं व्हय? मी समजत व्हतो काय तरी मोठं असंल."

त्या दिवसापासून मला या कामाची चटक लागली. एखाद्या वाक्याचा दरारा काढून घेतला की आत काय उरतं ते बघायची चटक. पुष्कळदा काहीच उरत नाही. ते कळणं हाही भाषांतराचा एक फायदा आहे.

मी त्रेचाळिशीत असताना अलिबागला सरकारी प्रसिद्धीची कचेरी निघाली आणि तिच्यावर दीक्षितसाहेब आले. खादीचा पांढराशुभ्र सदरा, बोलताना डोळे अर्धे मिटलेले. पंचवार्षिक योजना लोकांपर्यंत पोचवायच्या होत्या आणि योजना येत होत्या इंग्रजीतून. कोणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. त्यांनी बोलावून घेतलं, मी केलेली नियमांची पानं चाळली आणि म्हणाले, "भाषा स्वच्छ आहे. फार स्वच्छ आहे. राष्ट्रउभारणीची भाषा जरा भारदस्त हवी. पण ते शिकता येईल."

त्यांच्या कचेरीत भाषांतरकाराची एक जागा मंजूर झाली होती. ती ते मला द्यायला तयार होते. अडचण एकच. मीठ खातं दिल्लीच्या सरकारचं आणि प्रसिद्धीची कचेरी मुंबईच्या. इकडून तिकडे बदली होत नव्हती. राजीनामा द्यायचा, झालेली नोकरी पाण्यात सोडायची, आणि या वयात पहिल्या दिवसापासून उमेदवार म्हणून सुरुवात करायची. पेन्शनचं नाव काढायचं नाही.

"पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर मी नेमणूक जाहीर करीन," साहेब म्हणाले. "तोवर एक पत्रक करून बघा. मग राजीनामा घेऊन या."

घरी मी ही गोष्ट जेवताना काढली. बायकोने आमटी वाढली, भात वाढला, मग म्हणाली, "अहो, मिठाचं एक बरं असतं. ते कितीही दिवस ठेवा, नासत नाही. तुमच्या त्या साहेबांचं तसं आहे का?"

"साहेबांसाठी नाही गं. कामासाठी."

"ते कळतंय मला," ती म्हणाली. "गेली सात-आठ वर्षं तुम्ही वखारीतून आलात की वखारीतल्यासारखे दिसता. हल्ली ती पानं लिहिता तेव्हा जरा माणसात असता. म्हणून तर मी नाही म्हणत नाही. पण हो म्हणायला लावू नका."

पत्रक होतं मच्छीमारांच्या होड्यांना इंजिनं बसवण्याविषयीचं. आता किनाऱ्यावर सगळीकडे इंजिनाची घरघर ऐकू येते. तेव्हा शीड आणि वल्हं एवढंच होतं. वारा पडला की होडी जिथल्या तिथे. योजना अशी होती की तरुण मच्छीमारांनी इंजिन चालवण्याच्या शिक्षणासाठी नावं द्यावीत. शिक्षण पुरं करणाऱ्यांच्या अर्जांचा पुढेमागे इंजिनासाठी विचार होईल. मी हे एका पानात लिहिलं. साहेबांनी त्याची तीन पानं केली. "नावं द्यावीत" याचं "नामांकन करून आपल्या अभ्युदयाचा मार्ग प्रशस्त करावा" असं झालं. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने एक परिच्छेद घातला: जे मत्स्यबांधव हा संदेश श्रद्धापूर्वक श्रवण करतील त्यांच्या नौका यंत्रशक्तीने संपन्न होतील, त्यांच्या गृही समृद्धी नांदेल, त्यांची संतती सुखी होईल, इत्यादी.

मी म्हटलं, "साहेब, यात इंजिन मिळणार असं वाटतं."

"वाटू दे," ते म्हणाले. "प्रेरणा त्यालाच म्हणतात."

श्रावण लागला होता. पत्रक लोकांना कसं वाटतं ते बघून यावं म्हणून मी सायकलवरून थळला गेलो. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात जात नाहीत. त्या माडाच्या झापांनी शाकारून वाळूत उभ्या होत्या आणि माणसं रिकामी होती. कोळीवाड्यातल्या देवळात दुपारची पोथी चालली होती. तिथला जनू नाखवा माझ्या ओळखीचा. त्याची स्वतःची होडी होती, आणि त्याची बायको चांगुणा अलिबागच्या बाजारात आम्हाला मासळी देई. मी आल्याचं कारण सांगितलं तसा नाखवा म्हणाला, "मग आताच वाचा की, मीठसायेब. मान्सं बसलीच हायती. पोथी उद्या वाचू."

मला त्या बाजूचे लोक मीठसाहेबच म्हणत. मी पोथीवाल्याच्या जागी, चौरंगापुढे बसलो. आता एक सांगितलं पाहिजे. आमच्या घरी पोथी वाचत ती एकेकट्याने, पुटपुटत, भराभर. कोळीवाड्यातली तऱ्हा वेगळी. तिथे दोघं बसतात. एक ओवी वाचतो आणि थांबतो. दुसरा तिचा अर्थ सांगतो. मग पुढची ओवी. थळला अर्थ सांगायचं काम दामाबुवांकडे होतं. बुवा सत्तरीचे, उघडे, गळ्यात माळ, आवाज भरतीसारखा.

मी पहिलं वाक्य वाचलं. ते लांब होतं, म्हणून दम घ्यायला थांबलो. लगेच बुवांनी मांडीवर थाप मारली.

"ऐकलाव? सरकार काय बोलतंय? सरकार बोलतंय, आरं कोल्यांनो, कवापासून तुमी वाऱ्याची गुलामी करताव. वारा आला त होडी चालली, वारा रुसला त बसा बोंबलत. आता वारा होडीच्या पोटातच ऱ्हायल!"

बायकांनी "व्हय, व्हय" केलं. मी दुसरं वाक्य वाचलं. बुवांनी इंजिनाला मारुतीची उपमा दिली, समुद्र ओलांडून दाखवला. माझ्या आणि साहेबांच्या तीन पानांत जे एकदाही झालं नव्हतं ते तिथे होत होतं. लोक पुढे सरकून ऐकत होते. बुवा काही काही पदरचं घालत होते हे मला कळत होतं. पण एवढं कोण बघतो? मूळ कागद माझ्या हातात आहे, त्यात लिहिलंय तेच खरं, अशा हिशेबात मी होतो.

शेवटचा परिच्छेद आला तसं देवळात एकदम वेगळं वातावरण झालं. पुरुष सावरून बसले. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. "जे श्रद्धापूर्वक श्रवण करतील" हे मी वाचलं आणि सगळ्यांनी हात जोडले. पोथीच्या शेवटी फळ सांगतात, ही पोथी ऐकणाऱ्याला काय काय मिळेल ते. इथे ते आलेलं होतं. बुवांना फारसा अर्थ सांगावाच लागला नाही. कोणी तरी नारळ फोडला. चांगुणेने पत्रकाला हळदकुंकू वाहिलं, वर तेरड्याचं फूल ठेवलं, आणि पोथीच्या शेजारी लाल फडक्यात ते बांधून ठेवलं. मला केळीच्या पानावर प्रसाद मिळाला.

परतताना मी सायकल चालवत नव्हतो, ती आपणच चालली होती. आयुष्यात पहिल्यांदा माझं काही लोकांपर्यंत पोचलं होतं. घरी येऊन मी बायकोला प्रसाद दिला आणि राजीनामा लिहिला. तिने वाचला. "अक्षर छान आलंय," एवढंच म्हणाली.

पंधरा ऑगस्ट जवळ आला. त्या वर्षी नारळी पौर्णिमाही त्यानंतर आठवड्याभरातच होती. राजीनामा खिशात घालून मी साहेबांच्या कचेरीकडे निघालो, तर दारात बैलगाडी उभी. गाडीत भाताचा पेंढा पसरलेला, जाड दोरखंडाची वेटोळी, आणि सभोवती थळची पंधरा-वीस माणसं. धुतलेले कपडे, टोप्या. पुढे जनू नाखवा आणि चांगुणा.

"काय नाखवा, इकडे कुठे?"

"इंजिन न्यायला," नाखवा म्हणाला. "पेंढा घातलाय खाली. नाजूक वस्तू, दणका बसाया नको."

मला वाटलं थट्टा करतोय. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

साहेब बाहेर आले. त्यांना वाटलं, योजनेला पाठिंबा द्यायला मिरवणूक आली आहे. त्यांनी हात जोडले आणि डोळे अर्धे मिटून चार वाक्यं बोलायला सुरुवात केली. चांगुणेने ती मधेच तोडली. "भाषण मागून करा, सायेब. आधी वस्तू दाखवा. बैल ताटकललेत."

उलगडा व्हायला वेळ लागला. साहेबांनी समजावून सांगितलं की पत्रकात फक्त शिक्षणासाठी नावं मागवली आहेत. कोणी ऐकेना. तेव्हा ते म्हणाले, "अहो, तुमच्या त्या बुवाने वाटेल तो अर्थ सांगितला, त्याला शासन काय करणार?"

यावर नाखवा साहेबांशी बोललाच नाही. तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही.

"मीठसायेब, वाचत कोन व्हतं?"

"मी."

"आनि बुवा अर्थ सांगत व्हता तवा तुमी बाजूलाच बसला व्हताव. बुवा चुकला का वाचनारा त्याला टोकतो. तशीच रीत हाय. वाचनारा गप ऱ्हायला म्हंजी अर्थ बरोबर. तुमी गप ऱ्हायलाव."

ही रीत मला ठाऊक नव्हती. ठाऊक नव्हती असं मी म्हणालोही. पण म्हणताना ते किती पोकळ वाटतं हे मला ऐकू येत होतं. चांगुणेने मग बाकीचं सांगितलं. नवऱ्याला एक हाताने कोपरखळी देत, हसत, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं.

"आमचे घरवाल्याला वारा पोटातच पायजे व्हता ना! म्हनाला, आता शीड कशाला? जुनं शीड मी फाडलं, सुकट वालत घालाया त्याच्या चादरी केल्या. नवीन कापड सांगितलं नाय. आता पुनवेला समद्यांच्या होड्या सुटतील आनि आमची वालूत बसून टाल्या वाजवंल."

म्हणजे असं की त्या घराचा हंगाम बुडाला होता. शिडाचं कापड मुंबईहून येई, ते येऊन शिवून होईपर्यंत ऐन मासळीचे दिवस निघून जाणार. होडीवर नाखव्याचंच नव्हे, आणखी चार घरांचं पोट होतं.

लोक बैल जुंपू लागले. साहेब मला आत घेऊन गेले, पंखा सुरू केला आणि म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. लोकशिक्षणात असं व्हायचंच. एखाद्या शिडाची जबाबदारी आपल्यावर येत नाही. राजीनामा आणलात ना?"

हात खिशात गेला होता. त्या क्षणी मला त्या कागदापेक्षा वखारीतल्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली वस्तू जास्त स्पष्ट दिसत होती. गस्तीच्या होडीचं शीड. मी आज राजीनामा दिला की उद्या वखारीचा ताबा दुसऱ्याकडे, आणि तो दुसरा पेणहून केव्हा येईल, आल्यावर मोजदाद केव्हा करील ते देवाला माहीत. तोवर वखारीला सील. जुनं सामान मोडीत काढण्याचा अधिकार ताब्यावर असलेल्या माणसाला होता. तो माणूस, तेवढ्यापुरता, मी होतो.

"विसरलो," मी म्हटलं.

"पंधरा तारखेच्या आत आणा. मुंबईहून दुसऱ्या एकाचंही नाव आलंय."

"हो," मी म्हटलं आणि तिथून सरळ वखारीत गेलो.

नियमाप्रमाणे मोडीतल्या सामानाचा लिलाव करावा लागे आणि त्याची सूचना चार दिवस आधी वखारीच्या दारावर लावावी लागे. मी लावली. सूचना इंग्रजीतच लावायची, असाही नियम होता. इतकी वर्षं मी त्या नियमाला हसत आलो होतो. या वेळी मी तो अक्षरशः पाळला. भाषांतर केलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांनी कागदाकडे आदराने पाहिलं आणि ते पुढे गेले. त्यात काय आहे ते मी फक्त एका माणसाला त्याच्या भाषेत सांगितलं होतं. लिलावाला तो एकटाच आला.

मधल्या चार दिवसांत पंधरा ऑगस्ट येऊन गेला. झेंडावंदनाला मी मागच्या रांगेत उभा होतो. साहेबांनी भाषांतरकार म्हणून मुंबईहून आलेलं नाव जाहीर केलं. पुण्याचे पदवीधर होते, भाषा फार भारदस्त. घरी आलो तर बायकोने विचारलं, "झालं?"

"झालं. दुसऱ्याचं."

राजीनाम्याचा कागद तिने चुलीत घातला नाही, कपाटात ठेवला. एवढं छान अक्षर परत यायचं नाही, म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं हे मला फार उशिरा कळलं. पेन्शन राहिली याचा आनंद तिने कधी दाखवला नाही, आणि मीही कधी मागितला नाही. त्या जागेवर बसून काय काय करता आलं असतं याचा विचार मी पुढे वखारीत पुष्कळ केला. वखारीत विचाराला सवड असते.

नाखव्याची होडी पुनवेला समुद्रात गेली. शीड थोडं मोठं होतं, ते त्यांनी दोन दिवसांत कापून, शिवून बसवलं. कोपऱ्यातला आमच्या खात्याचा ठसा तेवढा निघाला नाही. त्या हंगामात थळच्या पाण्यात ते शीड दिसलं की जुन्या काळचे लोक सवयीने लांबून जात. त्यामुळे मासळीची चांगली जागा आपल्याला रिकामी मिळते, असं नाखवा मला हळूच सांगून गेला.

दुसऱ्या श्रावणात चांगुणा बाजारात म्हणाली, "येताव ना वाचाया? का घाबरलाव?" मी गेलो. त्यानंतर दर श्रावणात जात राहिलो. सरकारकडून जो काही कागद आला असेल तो मी वाचायचा, थांबायचं, दामाबुवांनी अर्थ सांगायचा. फरक इतकाच की आता मी टोकत असे. "बुवा, तसं नाहीये. देणार म्हटलेलं नाही, विचार करणार म्हटलंय." बुवा चिडत. "विचार काय मानूस घरी बसून पन करतो. त्याला सरकार कशाला?" लोक हसत, पण टोकल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत. तीन भारदस्त पानांचं तिथे घासूनपुसून अर्धं पान होई. त्या कामाचा पगार नव्हता आणि त्याला कोणी भाषांतर म्हणत नसे. मी करून बघितलेल्या कामांत मला ते सर्वांत जास्त आवडलं.

त्या पहिल्या वर्षीच्या माझ्या सांगण्यावरून नाखव्याच्या धाकट्या भावाने शिक्षणासाठी नाव दिलं होतं. त्याचं शिक्षण झालं, अर्ज झाला, अर्जावर विचार झाला. विचार इतका सावकाश झाला की मध्ये मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र राज्य आलं. आणि मग एका वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी खरोखरच इंजिन आलं, बैलगाडीतून, पेंढ्यावर. कोणी साहेब भाषण करून गेले. तेव्हा दीक्षितसाहेबांची बदली होऊन जमाना झाला होता, पण भाषण बहुधा तेच होतं.

साहेब गेल्यावर माणसं देवळात जमली. मला चौरंगाशेजारी बसवलं. चांगुणेने पोथीजवळचं लाल फडकं सोडलं. आत ते पत्रक होतं, हळदीने पिवळं पडलेलं, घड्यांवर फाटलेलं. दामाबुवा आता ऐंशीच्या पलीकडे गेले होते. त्यांना धरून आणलं. डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्यांनी पत्रकावरून हात फिरवला आणि मांडीवर थाप मारली. आवाज ओहोटीला लागला होता, तरी देवळाला पुरला.

"सांगितलं व्हतं का न्हाय? ही पोथी ऐकंल त्याच्या होडीत वारा येऊन ऱ्हायल. सांगितलं व्हतं. या मीठसायेबाने मला मागून लई टोकलं. पन फल मिललं का न्हाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भावाचं शिक्षण, अर्ज, इतक्या वर्षांच्या खेपा, हे सगळं मला माहीत होतं, नाखव्याला माहीत होतं, त्या भावाला तर फारच. टोकायला मी तोंड उघडलंही. बुवा मान वाकडी करून, माझा आवाज कुठून येतो ते ऐकायला थांबले होते.

मी तोंड मिटलं. थळमध्ये त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.